आमदाराला दूरसंचाराचे काय विचारायचे? इंदूरमधल्या एका निवडणूक चर्चेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंदूरमधल्या एका मराठी मंडळाचे आहे. मंडळ नोंदणीकृत आहे. तळमजल्यावर वाचनालय आणि वर सव्वाशे खुर्च्यांचे सभागृह. गणेशोत्सव, व्याख्याने, दिवाळी अंकांची योजना असे वर्षभर काही ना काही चालू असते. सभासदांपैकी बरेच जण साठी ओलांडलेले आणि त्यांची मुले पुण्या-बंगळूरला. त्यामुळे मोबाइलचे नेटवर्क हा इथे चैनीचा विषय नाही. नातवंडे भेटतात ती व्हिडिओ कॉलवर, पेन्शन जमा झाल्याचे कळते ते एसएमएसवर, आणि ठकसेनही त्याच वाटेने घरात शिरतो.

9 ऑक्टोबर 2023 रोजी मध्य प्रदेश विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. मतदान 17 नोव्हेंबरला होते. दर निवडणुकीत मंडळात उमेदवार येतात, नमस्कार करतात, हार घेतात आणि पुढच्या गल्लीत जातात. या वेळी एका तरुण सभासदाने कार्यकारिणीपुढे सूचना मांडली की हार-नमस्कार बाजूला ठेवून उमेदवारांना एकाच विषयावर समोरासमोर बसवावे. विषय ठरला, तंत्रज्ञान आणि दूरसंचार धोरण. प्रश्न जमवण्यासाठी वाचनालयाच्या टेबलावर एक वही ठेवली आणि ती आठवड्याभरात भरली.

प्रश्न निवडणाऱ्या समितीत मी होतो. पुढचे सगळे निर्णय त्या समितीत किंवा कार्यकारिणीत झाले.

अडचण

वही वाचायला घेतल्यावर कळले की निम्म्याहून जास्त प्रश्न चुकीच्या दारावर ठोठावत होते. बोलता बोलता फोन का तुटतो, रिचार्ज दरवेळी महाग का होते, बीएसएनएलचे 4जी कधी येणार, नको असलेले फोन बंद का होत नाहीत. प्रश्न रास्त आणि रोजच्या जाचातून आलेले होते. पण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत टपाल, तार, टेलिफोन, बिनतारी आणि प्रसारण हे सारे केंद्राच्या यादीत 31 व्या क्रमांकावर आहे. परवाने आणि स्पेक्ट्रम दूरसंचार विभाग देतो. सेवेचा दर्जा आणि दर यांवर 1997 च्या कायद्याने स्थापन झालेल्या ट्राय या दूरसंचार नियामकाची देखरेख असते. आमदाराने ठरवले तरी तो रिचार्जचा एक रुपया कमी करू शकत नाही.

लोकांनी हे आमदाराला का विचारावे, याला इतिहास आहे. एके काळी टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नंबर लागत नसे. खासदाराच्या कोट्यातून शिफारस मिळाली तर घरात फोन वाजे. इंदूरच्या मराठी घरांना तर 1989 पासून 2019 पर्यंत सुमित्राताई महाजन खासदार म्हणून लाभल्या. टेलिफोनची तक्रार असो की रेल्वेची, ताईंना पत्र लिहायचे ही सवय दोन पिढ्यांची. लोकप्रतिनिधी म्हणजे सगळ्या कामांचा माणूस, मग तो विधानसभेतला असो की लोकसभेतला, ही समजूत त्यातूनच पक्की झाली असावी. उमेदवारही ती मोडत नाहीत, कारण ती त्यांच्या सोयीची असते. ज्याच्यावर आपला अधिकारच नाही त्याचे आश्वासन द्यायला काही लागत नाही, आणि पाच वर्षांनी कोणी जाब विचारला तर ‘ते दिल्लीच्या हातात आहे’ हे उत्तर तयार असते.

म्हणजे ठरल्या विषयावर सरळ चर्चा ठेवली असती तर सभा रंगली असती आणि मतदाराच्या पदरात काहीच पडले नसते.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय विषय बदलण्याचा. रस्ते, पाणी, मेट्रो यांपैकी काहीही घेता आले असते. ज्येष्ठ सभासदांचा ओढा तिकडे होता. दुसरा, लोकसभेपर्यंत थांबण्याचा. ती निवडणूक सहा महिन्यांवर होती आणि दूरसंचार हा खऱ्या अर्थाने तिचाच विषय. तिसरा, वहीतले प्रश्न आहेत तसे विचारायचे आणि उमेदवार काय बोलतात ते ऐकायचे. लोकांना मोकळे बोलू द्यावे, त्यांना कायदा शिकवणारे आपण कोण, असे या बाजूने एका सभासदाने फार पोटतिडकीने मांडले. त्या म्हणण्यात तथ्य होते.

चौथा पर्याय शेवटी निवडला. वहीतल्या प्रत्येक तक्रारीचा धागा धरून ती राज्याच्या अधिकारात कुठे येऊन टेकते ते शोधायचे आणि तेवढेच विचारायचे. उरलेले प्रश्न फाडायचे नाहीत. ते लोकसभेसाठी वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचे आणि तसे सभेत जाहीर सांगायचे.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला कळीचा निर्णय हाच. तो घेताना कोणालाच खात्री नव्हती. दूरसंचारातून केंद्राचा भाग वजा केला तर हाती काय उरेल, ही शंका होती. शोधायला बसल्यावर मात्र बरेच हाती लागले.

प्रश्न कसे घडले

इंटरनेटबंदीचा प्रश्न आधी वहीत नव्हताच. दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी तो आणला. 2 एप्रिल 2018 च्या भारत बंदच्या वेळी ग्वाल्हेर-भिंड-मुरैना भागात इंटरनेट बंद होते. ग्वाल्हेरला नातलग असलेल्या घरांना ते दिवस आठवत होते. त्या वेळच्या 2017 च्या नियमांप्रमाणे असा आदेश राज्यात गृह विभागाच्या सचिवांनी काढायचा असतो, आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाच कामकाजी दिवसांत तो तपासायचा असतो. काश्मीरच्या प्रकरणात 10 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध करावेत असे सांगितले. दूरसंचार केंद्राचा, पण तो बंद करण्याचा आदेश राज्याचा! आमदार विधानसभेत प्रश्न विचारू शकतो, आदेश पटलावर मागू शकतो. प्रश्न असा झाला: ‘राज्यात इंटरनेट बंद झाले तर त्याचा आदेश आणि पुनर्विलोकन समितीचा निष्कर्ष प्रसिद्ध व्हावा म्हणून तुम्ही विधानसभेत प्रश्न विचाराल का?’

टॉवरच्या प्रश्नाने समितीला सगळ्यात जास्त दमवले. वहीत एकाच पानावर दोन नोंदी होत्या. एकीने लिहिले होते की शेजारच्या गच्चीवरचा टॉवर हटवा, आमच्या घरात लहान मूल आहे. त्याखाली दुसऱ्याने लिहिले होते की आमच्या गल्लीत नेटवर्क नाही, फोन घेऊन चौकात जावे लागते. दोघे एकाच कॉलनीतले. किरणोत्साराची भीती खोटी ठरवून गप्प करायची नव्हती आणि तिला खतपाणीही घालायचे नव्हते. भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, आणि दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर आपल्या भागातल्या टॉवरची माहिती पाहता येते. समितीतल्या निवृत्त सभासदांनी त्या कुटुंबाच्या घरी जाऊन ती दाखवली. बाईंचे म्हणणे ऐकल्यावर लक्षात आले की लहरींपेक्षा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. एका सकाळी क्रेन आली तेव्हा त्यांना टॉवरचे कळले. भाडे शेजाऱ्याला मिळणार, लोखंडी सांगाडा यांच्या खिडकीसमोर उभा राहणार, आणि विचारले मात्र कोणीच नाही.

तिथे राज्याचा आणि निगमचा, म्हणजे महापालिकेचा, संबंध येतो. टॉवर उभारण्याच्या परवानगीबद्दलच्या केंद्राच्या त्या वेळच्या, 2016 च्या मार्गाधिकार नियमांनुसार स्थानिक प्राधिकरणाने अर्जावर 60 दिवसांत निर्णय द्यायचा असे, नाही तर परवानगी मिळाली असे धरले जाई. मग त्या 60 दिवसांत शेजाऱ्याला सूचना मिळते का, इमारत तेवढे वजन पेलेल का हे कोण तपासते? टॉवर हवा आणि टॉवर नको म्हणणारे दोघेही हा प्रश्न मान्य करू शकत होते.

तिसरा प्रश्न सायबर फसवणुकीचा. तेव्हा ‘बिल भरले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ या मेसेजने पुष्कळांना गाठले होते. नंबर, सिमकार्ड, बँक हे केंद्राकडे. पण पोलीस हा राज्याचा विषय. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 प्रमाणे या गुन्ह्यांचा तपास निरीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. तक्रारी वाढल्या आणि निरीक्षक तेवढेच राहिले तर फाइल थांबणारच. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर पहिल्या तास-दोन तासांत फोन गेला तर पैसे वाटेतच अडवण्याची शक्यता जास्त असते. म्हणून ठाण्यात आलेल्या माणसाचा 1930 वरचा फोन लावून देण्याची जबाबदारी कोणाची, असाही उपप्रश्न जोडला.

चौथा प्रश्न मंडळाच्या बाहेरून आला. एका सभासदाच्या घरी काम करणाऱ्या बाईंचा मुद्दा होता. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकार रहिवाशांना देते तो क्रमांक), आधार, बँक खाते हे सारे जुळल्याशिवाय राज्याच्या योजनेचे पैसे येत नाहीत, आणि भांडी घासून बोटांचे ठसे झिजलेल्या बायकांचा अंगठा यंत्र घेत नाही. अंगठा घेतला नाही तर दुसरा मार्ग कोणता, तो वॉर्डाच्या कार्यालयात लिहून लावाल का, एवढेच विचारायचे ठरले.

तारीख, परवानगी आणि बाकीच्या गोष्टी

उमेदवारी मागे घेण्याची मुदत 2 नोव्हेंबरला संपत होती, 12 ला लक्ष्मीपूजन होते आणि 15 च्या संध्याकाळी प्रचार थांबणार होता. 5 नोव्हेंबरच्या रविवारशिवाय दुसरा दिवस नव्हता.

निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयाला आधीच पत्र दिले. सर्व उमेदवारांना निमंत्रण, कोणत्याही पक्षाचा झेंडा किंवा फलक नाही, खर्च चहापुरता आणि तो मंडळाचा, असे त्यात स्पष्ट लिहिले. हे काटेकोरपणे करावे लागते. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा असते, मध्य प्रदेशात विधानसभेसाठी ती 40 लाख होती. कोणाच्या सभेचा खर्च दुसऱ्याने उचलला असे दिसले तर मंडळही अडचणीत येते. पुष्पगुच्छही ठेवले नाहीत. त्यावर एक ज्येष्ठ सभासद नाराज झाले. घरी आलेल्याला रिकाम्या हाताने कसे पाठवायचे, असे त्यांचे म्हणणे होते.

मंडळाचे सभासद एकाहून जास्त मतदारसंघांत पसरलेले आहेत. पण सभागृह ज्या मतदारसंघात आहे तिथल्याच उमेदवारांना बोलवायचे ठरले. उत्तर देणारा स्वतः निवडून येणारा माणूस असावा, हा हेतू. स्वतः येता येत नसेल तर प्रतिनिधी चालेल, पण ‘याचे उत्तर ते माझे उत्तर’ असे उमेदवाराच्या सहीचे पत्र हवे, अशी अट घातली. प्रश्न चार दिवस आधी सगळ्यांना पाठवले. उमेदवारांना अचानक कोंडीत पकडण्यात रस नव्हता, तयार होऊन आलेला माणूस काय म्हणतो ते ऐकायचे होते. प्रश्न मराठीत वाचायचा, मग हिंदीत, आणि उत्तर ज्याला जमेल त्या भाषेत. प्रत्येक प्रश्नाआधी दोन ओळींचे टाचण वाचायचे, त्यात हा अधिकार कोणाचा ते सांगायचे.

रविवारची सभा

सत्तेतल्या पक्षाच्या उमेदवाराने प्रतिनिधी पाठवला. विरोधी पक्षाचे उमेदवार स्वतः आले. एक अपक्ष वकील आले. एका छोट्या पक्षाचे उमेदवार येतो म्हणाले आणि आले नाहीत. खुर्च्या भरल्या, मागे लोक उभे राहिले.

पहिलाच प्रश्न इंटरनेटबंदीचा. प्रतिनिधीने 5जीपासून सुरुवात केली, मग घरोघरी पोचलेले यूपीआय, मग स्वच्छतेत देशात पहिले आलेले इंदूर. टाळ्या पडल्या. सूत्रसंचालकांनी त्यांना थांबवले नाही, पूर्ण दोन मिनिटे बोलू दिले. मग शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, टाचण पुन्हा वाचतो. आदेश गृह विभागाचा असतो. तो प्रसिद्ध व्हावा म्हणून सदनात प्रश्न विचाराल का?’’ प्रतिनिधी म्हणाला, पक्षाला विचारून सांगतो. सभागृहात कुजबुज झाली, पण कोणी हुर्यो केली नाही. सभेचा सूर त्या क्षणी ठरला असे मला वाटते. मध्येच थांबवले असते तर तो माणूस सहानुभूती घेऊन गेला असता.

अपक्ष वकील म्हणाले की इंटरनेट कधीच बंद करू नये. सर्वांत जोरदार टाळ्या त्यांनाच मिळाल्या. पण दंगल पेटवणारी अफवा पसरत असेल तर काय कराल, या प्रतिप्रश्नावर त्यांच्याकडे दुसरे वाक्य नव्हते. विरोधी उमेदवारांनी मात्र टाचणाचा कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, ‘‘हे गृह सचिवांच्या हातात असते हे मला माहीत नव्हते. प्रश्न विचारीन. लिहून घ्या.’’ सभागृह क्षणभर गप्प झाले. व्यासपीठावरून ‘माहीत नव्हते’ हे शब्द ऐकण्याची सवय कोणाला होती?

टॉवरवर तिघांचेही उत्तर एकच, शेजाऱ्याला सूचना मिळालीच पाहिजे. एकमत झाले, पण कोण काय करणार ते सुटून गेले. निगमचा विषय आहे, पार्षदाशी, म्हणजे नगरसेवकाशी बोलतो, इथेच ते थांबले.

सायबरच्या प्रश्नावर सत्तर ओलांडलेल्या एक काकू उभ्या राहिल्या. त्यांचे पेन्शनचे पैसे गेले होते. त्या म्हणाल्या, ‘‘पैसे परत आणून द्या असे मी म्हणत नाही हो. मला एका ठाण्यातून दुसऱ्यात पाठवले, तिथून सायबरला. रात्र झाली. माझ्या वयाच्या बाईने एकदा सांगावे आणि कोणीतरी ते लिहून घ्यावे, एवढे कराल का?’’ इथे पक्षाच्या प्रतिनिधीचे उत्तर सगळ्यात चांगले होते. भाषण न करता तो म्हणाला की निवडून आल्यावर मतदारसंघातल्या प्रत्येक ठाण्यात 1930 ला फोन लावून देणारा माणूस कोण, त्याचे नाव भिंतीवर लावायला सांगू, आणि तपासासाठी निरीक्षकांची पदे वाढवण्याची मागणी करू. वकिलांनी कलम 78 नीट समजावून सांगितले.

अंगठ्याच्या प्रश्नाला वेळ कमी उरला, उत्तरे घाईत झाली. त्या बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या, त्यांना माइक मिळालाच नाही. मला हे अजून खटकते.

काय निष्पन्न झाले

त्याच रात्री एका कार्यकर्त्याने मोबाइलवर टिपलेला टाळ्यांचा तुकडा व्हॉट्सॲपवर फिरू लागला. 5जीचे वाक्य आणि टाळ्या, बस्स. नंतरचा प्रश्न कापलेला. मंडळाने पूर्ण ध्वनिमुद्रण केले होते, पण ते मतदानानंतरच द्यायचे ठरले होते. दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीने तो निर्णय बदलला आणि सर्व उत्तरे शब्दशः लिहून, कोणाचीही बाजू न घेता, एका पानावर सभासदांना दिली. तुकडा मात्र पानापेक्षा कितीतरी लांब गेला.

3 डिसेंबरला निकाल लागला. ज्यांचा प्रतिनिधी आला होता ते उमेदवार निवडून आले. जानेवारीत मंडळाने सहीच्या पत्राची आणि उत्तराची प्रत जोडून त्यांना पत्र लिहिले. पोच आली. काही महिन्यांनी जवळच्या ठाण्यात 1930 चा मोठा फलक लागलेला सभासदांनी पाहिला. तो आमच्या पत्रामुळे लागला असे म्हणता येणार नाही. माणसाचे नाव त्यावर नाही.

दरम्यान संसदेत 18 डिसेंबर 2023 ला दूरसंचार विधेयक मांडले गेले, 20 ला लोकसभेत आणि 21 ला राज्यसभेत मंजूर झाले, 24 ला राष्ट्रपतींची सही झाली. 1885 च्या तार कायद्याच्या जागी येणारा कायदा चार दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार पडला, आणि त्यावर खासदाराला विचारायचे प्रश्न मंडळाच्या फाइलमध्ये पडून होते. लोकसभेच्या वेळी ती फाइल उघडायची असे ठरलेच होते. इंदूरचे मतदान 13 मे 2024 ला होते. पण 29 एप्रिलला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि समोरासमोर बसवायला दोन प्रमुख पक्षच उरले नाहीत. त्या निवडणुकीत इंदुरात 2,18,674 मते ‘नोटा’ला पडली. मंडळाची चर्चा झाली नाही.

वेगळे काय करता येईल

चार प्रश्न जास्त झाले. तीन ठेवले असते तर अंगठ्याच्या प्रश्नाला न्याय मिळाला असता, किंवा तोच पहिला घ्यायला हवा होता. ज्यांच्याकडे सभागृहातला आवाज कमी, त्यांचा प्रश्न शेवटी ठेवला की घड्याळच त्यांच्या विरोधात जाते.

टॉवरचा प्रश्न आमदारापेक्षा पार्षदाच्या निवडणुकीत जास्त चालेल. इंदूर निगमची मागची निवडणूक जुलै 2022 मध्ये झाली, पुढची 2027 मध्ये यायला हवी. तोवर टाचण नव्याने लिहावे लागेल, कारण 1 जानेवारी 2025 पासून मार्गाधिकाराचे नवे नियम लागू आहेत.

उत्तरांचे पान सभेच्या रात्रीच निघायला हवे. तुकडे फिरणार हे धरूनच चालावे लागते. मोबाइल बाहेर ठेवायला सांगणे मला पटत नाही. सार्वजनिक बोलणे लोकांनी टिपावे, फक्त पूर्ण मजकूर त्याच्या आधी लोकांच्या हातात पडला पाहिजे.

समितीत एका मुद्द्यावर अजून एकमत नाही. प्रश्न इतके बांधून दिल्यामुळे वहीत लिहिणाऱ्यांपैकी काहींना आपली तक्रार हरवल्यासारखे वाटले. कॉल तुटण्याबद्दल लिहिणारे एक काका सभेतून मध्येच उठून गेले. त्यांचा प्रश्न फाइलमध्ये जपला आहे हे सभेत सांगितले होते, पण त्यांना स्वतः भेटून सांगणे वेगळे ठरले असते. पुढच्या वेळी बाजूला ठेवलेल्या प्रत्येक प्रश्नाच्या मालकाला सभेआधी फोन करायचा, असे ठरले आहे.

इंटरनेटबंदीच्या प्रश्नाचे रूपही आता बदलले आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने नवे नियम काढले, त्यात आदेश कारणांसह प्रसिद्ध करण्याचे बंधन आहे. त्यामुळे पुढच्या आमदाराला ‘मागणी कराल का’ असे विचारून भागणार नाही. राज्याने काढलेला प्रत्येक आदेश कुठे आणि किती तासांत प्रसिद्ध झाला, याची यादी दर अधिवेशनात मागाल का, असा नवा मसुदा वाचनालयाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.